हद्दीवरची वाट

अल्लाहने पृथ्वी माणसासाठी सुगम केली आहे. तिच्या वाटांवरून चालावे, त्याने दिलेली उपजीविका खावी आणि शेवटी परतायचे त्याच्याकडेच आहे याचे भान ठेवावे, असा आशय सूरह अल्-मुल्कच्या पंधराव्या आयतीत आला आहे. या आयतीत ‘मनाकिब’ हा अरबी शब्द योजला आहे. त्याचा मूळ अर्थ ‘खांदे’. कोणी भाष्यकार त्याचा अर्थ डोंगर असा घेतात, कोणी वाटा, तर कोणी पृथ्वीच्या दिशा. जनावराने मालकापुढे खांदा नमवावा तशी ही भूमी माणसापुढे नमवून दिली आहे, हा त्यातील भाव. मात्र ज्याला ती नमवून दिली त्याला जाब विचारला जाणार आहे, हेही त्याच आयतीच्या अखेरीस सांगितले आहे. चालणे आणि जबाबदारी या दोन गोष्टी कुरआनने एकत्र ठेवल्या आहेत.

मुरुडहून बार्शीच्या दिशेने निघालेल्या माणसाला भूमीचा असाच एक खांदा भेटतो. ढोकी मागे पडते, येडशी येते आणि त्यापुढे पठार संपून बालाघाटाचा उतार सुरू होतो. येडशीजवळच्या दरीत रामलिंग हे हिंदू बांधवांचे प्राचीन श्रद्धास्थान आहे. भोवतालच्या सुमारे २२ चौरस किलोमीटर जंगलाला १९९७ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. मृगाच्या सरी पडून गेल्या की एरवी करपलेल्या टेकड्या हिरव्या होतात, ओढे वाहू लागतात, दरीत धबधबा कोसळतो, मोरांचे केकारव ऐकू येतात आणि सीताफळीच्या झुडपांतून माकडांची ये-जा सुरू होते. लातूर, धाराशिव आणि बार्शी परिसरातील कुटुंबे पावसाळ्यात येथे सहलीला येतात. अलीकडे तरुण मुले-मुली डोंगरवाटांवर पायी भटकंती करू लागली आहेत. ही चांगली गोष्ट आहे. मोबाइलच्या पडद्यापासून दूर होऊन सृष्टी पाहावी, शरीराला श्रमाची सवय लागावी, अशी संधी पालकांनी आनंदाने द्यावी.

पण या वाटेचे एक वैशिष्ट्य आजच्या तरुणाला सहसा ठाऊक नसते. तो ज्या कड्यावर उभा राहून छायाचित्र काढतो, त्याच्या आसपास एके काळी दोन राज्यांची सरहद्द होती. आणि १५ ऑगस्ट १९४७ नंतरचे तेरा महिने तर ती व्यवहारात दोन देशांची सरहद्द होती. म्हणून येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. सुंदर वाटेवरून चालणाऱ्याने फक्त सौंदर्य पाहावे काय? त्या मातीवर जे घडले, त्याचे काही देणे त्याच्याकडे लागते काय? आणि लागत असेल, तर ते कसे फेडावे?

सरहद्द कशी होती?

मुरुड, लातूर, ढोकी, येडशी हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. घाट उतरून पांगरीकडे गेले की बार्शी तालुका लागे आणि तो मुंबई इलाख्याच्या सोलापूर जिल्ह्यात मोडत असे. आज लातूर हा स्वतंत्र जिल्हा आहे. पण तो १९८२ साली झाला. त्यापूर्वी हा सारा भाग उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातच होता. सीमेच्या दोन्ही बाजूंना भाषा मराठी, पीक ज्वारीचे, सोयरीक इकडची तिकडे आणि बाजारही एकमेकांचे. फरक होता तो अमलाचा. निजामी मुलखात ‘हाली सिक्का’ चाले, इंग्रजी मुलखात ‘कलदार’. माल इकडून तिकडे नेताना जकात घेणारे निजामी खाते ‘करोडगिरी’ या नावाने ओळखले जाई. बार्शीच्या नॅरोगेज रेल्वेची पहिली गाडी १८९७ साली कुर्डुवाडी-बार्शी मार्गावर धावली आणि १९११ पर्यंत रूळ लातूरला पोहोचले. ही छोटी गाडी या सरहद्दीतून धापा टाकीत जात असे. कापूस, धान्य आणि माणसे ती दोन्ही दिशांना वाहून नेई.

ही सीमा सरळ रेघेसारखीही नव्हती. एका अमलाच्या पोटात दुसऱ्या अमलाची गावे बेटांसारखी अडकलेली असत. अशा गावांची अदलाबदल होऊन घोळ मिटला तो १९५० मध्ये. पुढे १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. एका काळी जिच्यासाठी बंदुका रोखल्या गेल्या ती सरहद्द आता दोन जिल्ह्यांमधली सीमा उरली आहे. एस.टी.मध्ये बसलेल्या प्रवाशाला ती कधी ओलांडली हे कळतही नाही.

निसर्गाने मात्र या डोंगरावर स्वतःची एक सीमा आखली आहे. पठारावर पडणारा पाऊस तेरणेला मिळतो, तेरणा मांजरेला आणि मांजरा गोदावरीला. घाटाखाली बार्शीच्या बाजूला पडणारा पाऊस भोगावती, सीना या नद्यांतून भीमेकडे आणि भीमेतून कृष्णेकडे जातो. एकाच ढगाचे पाणी एका खांद्यावरून दोन दिशांना वाहू लागते आणि शेकडो कोस वेगवेगळे जाऊन अखेर एकाच बंगालच्या उपसागराला मिळते. लोकांना परस्परांची ओळख पटावी म्हणून अल्लाहने त्यांच्या जाती-जमाती केल्या आणि श्रेष्ठत्व केवळ तकव्यावर, ईशभयावर, ठेवले, ही सूरह अल्-हुजुरातची (आयत १३) शिकवण समजून घ्यायला बालाघाटाचा हा कडा पुरेसा आहे. वेगळेपण आहे, ते अल्लाहनेच ठेवले आहे. पण परतीचे ठिकाण एक आहे.

हद्द आणि हुदूद

मराठीत आपण ‘हद्द’ हा शब्द सहज वापरतो. गावाची हद्द, पोलीस ठाण्याची हद्द, सरहद्द, हद्दपार, बेहद्द. हा शब्द अरबीतून फारसीमार्फत आपल्याकडे आला. त्याच शब्दाचे अनेकवचन ‘हुदूद’ असे असून कुरआनमध्ये ‘हुदूदुल्लाह’, म्हणजे अल्लाहने ठरविलेल्या मर्यादा, असा प्रयोग वारंवार येतो. त्या मर्यादांजवळ जाऊ नये, त्या ओलांडू नयेत, त्या ओलांडणारे अत्याचारी होत, असे सूरह अल्-बकरामध्ये (आयती १८७ व २२९) बजावले आहे. मराठी माणूसही अन्याय सोसवेनासा झाला की ‘आता हद्द झाली’ असे म्हणतो. त्या क्षणी त्याच्या मनात जमिनीची सीमा नसते. माणुसकीची मर्यादा असते. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ आपल्या भाषेने नकळत जपून ठेवले आहेत.

या दोन हद्दींमधला भेद नीट समजला पाहिजे. मुलखाची हद्द माणसे आखतात, ती कारभारासाठी असते. तिचा मान राखावा हे इस्लामला मान्यच आहे. दिलेले करार पाळा, या आज्ञेनेच सूरह अल्-माइदाचा आरंभ होतो. हुदैबियाच्या तहात मक्केहून पळून येणाऱ्याला परत पाठविण्याचे कलम होते. तहावर सह्या होत असतानाच बेड्यांत जखडलेले अबू जंदल (रजि.) आश्रय मागत आले. सहाबांची मने हेलावली, तरीही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिलेला शब्द मोडला नाही. त्यांना संयमाचा उपदेश करून परत जाऊ दिले आणि अल्लाह मार्ग काढील असा धीर दिला. म्हणून सीमा, पारपत्र, परवाना, नाका यांना तुच्छ लेखणे ही काही धार्मिकता नाही.

स्वतःच्या भूमीवर प्रेम करणेही वर्ज्य नाही. मक्का सोडताना प्रेषितांनी (स.) त्या नगरीकडे पाहून ती आपल्याला किती प्रिय आहे हे बोलून दाखविले होते. परंतु माणसाने आखलेली हद्द बदलत असते. राजे बदलतात, नकाशे बदलतात, नाणी बदलतात. अल्लाहची हद्द बदलत नाही. निरपराधाचा जीव, स्त्रीची अब्रू, परक्याची मालमत्ता आणि साक्षीतील सत्य या मर्यादा हाली सिक्क्याच्या मुलखात जेवढ्या पवित्र, तेवढ्याच कलदाराच्या मुलखातही. निशाण कोणतेही असो, त्या तशाच राहतात. माणूस पहिली हद्द राखण्याच्या आवेशात दुसरी तुडवतो, तेव्हा महाअनर्थ होतो. बालाघाटाच्या या परिसरात १९४७-४८ मध्ये नेमके हेच झाले, आणि ते एकाच बाजूकडून झाले नाही.

त्या तेरा महिन्यांत

भारत स्वतंत्र झाला तेव्हा हैदराबाद संस्थान त्यात सामील झाले नाही. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी उभय बाजूंत ‘जैसे थे’ करार झाला. या काळात कासिम रझवीच्या नेतृत्वाखाली रझाकार संघटनेचा जोर वाढला. हा रझवी आपल्या लातुरातच वकिली करीत असे, हे मुरुड-लातूरच्या वाचकाला सांगायला नको. रझाकारांनी गावोगाव दहशत बसवली, खंडण्या उकळल्या, घरे जाळली, खून केले. अनेक हिंदू कुटुंबे घरदार टाकून हाच डोंगर उतरून बार्शी-सोलापूरकडे आश्रयाला गेली. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील मुक्तिसंग्रामाच्या कार्यकर्त्यांनी सीमेपलीकडे आपली शिबिरे उभारली. हे सारे इस्लामच्या नावाची ढाल पुढे करून केले गेले, म्हणून त्याची लाज आपल्याला इतरांहून अधिक वाटली पाहिजे. ज्या धर्माने युद्धातसुद्धा स्त्रिया व बालके यांना हात लावण्यास मनाई केली, त्या धर्माचे नाव घेऊन निःशस्त्र गावकऱ्यांवर चालून जाणे ही त्या धर्माचीच विटंबना होती.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून संस्थानात शिरले. नळदुर्ग त्याच दिवशी हाती आला. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली आणि मराठवाडा मुक्त झाला. हा दिवस आपण सर्वजण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो आणि तो पाळणे योग्यच आहे. जुलमी राजवटीचा अंत कोणत्याही न्यायप्रिय माणसाला आनंददायकच वाटेल.

पण त्यानंतरच्या दिवसांत आणखी काही घडले. ज्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता अशा सामान्य मुस्लिम कुटुंबांवर सूड उगवला गेला. पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आदींच्या सद्भावना मंडळाने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानाचा दौरा केला. पोलीस कारवाईच्या काळात व त्यानंतर किमान २७ ते ४० हजार माणसे प्राणास मुकली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. सर्वाधिक झळ पोहोचलेले जिल्हे म्हणून त्यांनी उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड ही नावे नोंदविली. आकड्यांबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. हा अहवाल अनेक दशके प्रसिद्ध झाला नाही. त्या दिवसांची आठवण राहिली ती घराघरांतल्या कुजबुजीत, आजी-आजोबांच्या अर्धवट तुटलेल्या वाक्यांत.

विसरावे की सांगावे?

येथे अनेक समजदार माणसे एक आक्षेप घेतात. जुन्या जखमा कशाला उकरायच्या? मुलांना हे सांगून त्यांच्या मनात विष का कालवायचे? शेजारी शेजाऱ्यासारखे राहत आहेत, ते तसेच राहू द्यावे. या आक्षेपात तळमळ आहे, त्यामुळे तो हसण्यावारी नेता येत नाही. पिढ्यान्पिढ्या सूड जागवणारी आठवण ही अज्ञानकाळातील टोळीयुद्धांचीच रीत होय. ती मोडण्यासाठीच तर प्रेषित (स.) आले. निरोपाच्या हज्जच्या प्रवचनात त्यांनी जुन्या रक्ताचे सारे दावे रद्द केले आणि त्याची सुरुवात स्वतःच्या घराण्याच्या दाव्यापासून केली.

तथापि, मौन म्हणजे क्षमा नव्हे. क्षमा करायची तर काय घडले ते आधी माहीत असावे लागते. ज्याला काहीच ठाऊक नाही तो क्षमा कशाची करणार? शिवाय, जे घरातली वडीलधारी माणसे शांतपणे सांगत नाहीत ते उद्या एखादा चिथावणीखोर मोबाइलवरून अर्धेमुर्धे, तिखटमीठ लावून सांगतो. अर्धे सत्य ऐकलेले मूल पूर्ण सत्य ऐकलेल्या मुलापेक्षा अधिक धोक्यात असते. भूमीवर संचार करा, म्हणजे समजणारी हृदये लाभतील. कारण आंधळे होतात ते डोळे नव्हेत, छातीतली हृदये आंधळी होतात, असा सूरह अल्-हज्जच्या ४६ व्या आयतीचा आशय आहे. कुरआन प्रवासाची आज्ञा करतो तेव्हा पूर्वीच्या लोकांचा शेवट कसा झाला ते पाहण्यास सांगतो. नुसते दृश्य पाहून परतणाऱ्याचा प्रवास या अर्थाने अपुरा राहतो.

मग प्रश्न उरतो, सांगावे कसे? यासाठी कुरआनच्या तीन कसोट्या आपल्यापुढे आहेत.

पहिली कसोटी स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची. न्यायावर खंबीरपणे उभे राहा, मग ती साक्ष स्वतःच्या, आईवडिलांच्या वा नातलगांच्या विरुद्ध का जाईना, असा आदेश सूरह अन्-निसाच्या १३५ व्या आयतीत आहे. त्यामुळे १९४८ ची गोष्ट सांगणाऱ्या मुस्लिमाने ती सप्टेंबरपासून सुरू करू नये. रझाकारांच्या अत्याचारांपासून सुरू करावी. ‘अस्बियत’ कशाला म्हणतात, या प्रश्नावर आपल्या लोकांना त्यांच्या अन्यायात साथ देणे, असे उत्तर प्रेषितांनी (स.) दिल्याचे हदीसमध्ये आले आहे. त्याच हैदराबादेत ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांच्या व संस्थानी राजवटीच्या विरोधात निर्भीडपणे लिहिले आणि ऑगस्ट १९४८ मध्ये त्याची किंमत प्राणांनी चुकवली. आपल्या मुलांना कासिम रझवीचे नाव ठाऊक असते, शोएबुल्ला खान यांचे नसते, ही आपल्या सांगण्यातली उणीव आहे.

दुसरी कसोटी द्वेषावर लगाम घालण्याची. एखाद्या समाजाविषयीच्या शत्रुत्वाने तुम्हाला न्यायापासून ढळवू नये. न्याय करा, तोच तकव्याच्या अधिक जवळ आहे, असे सूरह अल्-माइदामध्ये (आयत ८) सांगितले आहे. याच्या जोडीला सूरह अल्-अन्आमचा (आयत १६४) तो महान नियम ठेवावा, की कोणीही ओझे वाहणारा दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही. रझाकाराच्या पापाचे ओझे गरीब मुस्लिम विणकराच्या शिरावर टाकणे हा १९४८ चा मोठा अन्याय होता. तसाच, त्या काळच्या सूडकऱ्याच्या पापाचे ओझे आज आपल्या शेजारी राहणाऱ्या, आपल्या दुकानावर येणाऱ्या, आपल्या मुलांबरोबर शाळेत बसणाऱ्या हिंदू बांधवाच्या शिरावर टाकणे हाही अन्यायच ठरेल. जो नियम आपल्यासाठी मागायचा, तो दुसऱ्यासाठी नाकारता येत नाही.

तिसरी कसोटी वाचविणाऱ्यांना विसरू नये ही. एक जीव वाचविणे म्हणजे साऱ्या मानवजातीला वाचविल्यासारखे आहे (सूरह अल्-माइदा, ३२). सुंदरलाल मंडळाच्या अहवालात केवळ हत्यांची नोंद नाही. जिवावर उदार होऊन मुस्लिम शेजाऱ्यांना वाचविणाऱ्या हिंदूंचीही त्यात नोंद आहे; विशेषतः हिंदू विणकरांनी मुस्लिम विणकरांचे रक्षण केल्याचे त्यात म्हटले आहे. एकाच मागाच्या आवाजात वाढलेली, एकाच बाजारात सूत घेणारी ही माणसे. नकाशावरची हद्द बदलत असताना त्यांनी अल्लाहची हद्द सांभाळली, मग त्यांनी ती कोणत्या नावाने ओळखली असो. ज्या घरात १९४८ ची कहाणी सांगितली जाते, त्या घरात दार उघडणाऱ्या शेजाऱ्याचे नाव ठाऊक असेल तर ते आधी सांगितले जावे. माणसांचे आभार न मानणारा अल्लाहचेही आभार मानत नाही, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण विसरता कामा नये.

जमीन साक्ष देईल

जगात इतरत्रही जुन्या सरहद्दींच्या वाटा झाल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचे दोन तुकडे झाले. त्यांच्यामधली सुमारे १४०० किलोमीटरची काटेरी सरहद्द १९८९ नंतर मोडली. माणसाचा वावर नसल्याने त्या पट्ट्यात रानफुले, पक्षी व दुर्मिळ प्राणी टिकून राहिले होते. आज तो ‘हरित पट्टा’ म्हणून जपला जातो आणि लोक त्यावरून पायी हिंडतात. तेथे काही पहारेबुरूज मुद्दाम ठेवले आहेत आणि सीमा ओलांडताना मारल्या गेलेल्यांची स्मारकेही आहेत. एकट्या बर्लिनच्या भिंतीपाशी किमान १४० जणांचा जीव गेला. हिंडणारा फुले पाहतो आणि नावेही वाचतो. त्याने सौंदर्य कमी होत नाही; पाहणारा अधिक गंभीर होतो, इतकेच.

श्रद्धावंताला मात्र दगडी स्मारक नसले तरी चालते, कारण त्याच्या दृष्टीने जमीन स्वतःच साक्षीदार आहे. सूरह अज्-ज़िल्ज़ालमध्ये कयामतच्या दिवशी पृथ्वी आपल्या बातम्या सांगेल असे आले आहे. आपल्या पाठीवर प्रत्येक स्त्री-पुरुषाने काय केले याची ती साक्ष देईल, असा खुलासा प्रेषितांनी (स.) केल्याचे तिर्मिज़ीच्या संग्रहात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप अनुभवलेल्या आपल्या जिल्ह्यात या सूरहचे नाव उच्चारताना मन आपोआप थरथरते. जी जमीन कधी हलणार नाही असे आपण धरून चालतो, ती आज्ञा होताच हलते; जी मुकी आहे असे आपण मानतो, ती आज्ञा होताच बोलेल. ती त्या दिवशी कोणाच्या अमलाखाली होती हे विचारले जाणार नाही. तिच्यावर कोणी कोणाला मारले आणि कोणी कोणाला वाचविले, एवढे ती सांगेल.

या जाणिवेने चालणाऱ्याची चालच बदलते. रहमानचे दास ते, जे भूमीवर नम्रतेने चालतात (सूरह अल्-फुरकान, ६३). अकडून चालणाऱ्याने लक्षात ठेवावे की तो जमीन फाडू शकत नाही आणि उंचीने पर्वतांना गाठू शकत नाही (सूरह बनी इस्राईल, ३७). प्रेषितांनी (स.) वाटेचे हक्क सांगितले आहेत: नजर खाली ठेवावी, कोणाला उपद्रव देऊ नये, सलामचे उत्तर द्यावे, भलाईचा आग्रह धरावा व वाईटापासून रोखावे. वाटेवरचा काटा-दगड बाजूला करणे हीही ईमानची एक शाखा आहे. तेव्हा येडशी-रामलिंगच्या जंगलात जाताना वनखात्याचे नियम पाळावेत. प्लास्टिकच्या बाटल्या, पिशव्या आपल्याबरोबर परत आणाव्यात, दुसऱ्याने टाकलेल्याही उचलाव्यात. माकडांना खाऊ टाकून त्यांना लाचार करू नये. शेताच्या बांधावरून जाताना उभ्या पिकात पाय पडू देऊ नये. मंदिराच्या परिसरात तेथील भाविकांना अवघड वाटेल असे वर्तन होऊ नये. भेटलेल्या गुराख्याची, शेतकऱ्याची विचारपूस करावी. त्या डोंगराची खरी माहिती त्यांच्याकडेच असते. आणि नमाजची वेळ झाली, तर कोणाच्या वाटेत न येणारी स्वच्छ जागा पाहून तेथेच कपाळ टेकवावे. सारी पृथ्वी आपल्यासाठी सजद्याची जागा केली गेली आहे, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. या देणगीत अमुक मुलखाची जमीन आणि तमुक मुलखाची जमीन असा भेद नाही.

पालकांना विनंती, की या पावसाळ्यात मुलांना घेऊन त्या कड्यावर जावे. त्यांना धबधबा मनसोक्त पाहू द्यावा. मग एखाद्या खडकावर बसून त्यांना दाखवावे, की इकडचे पाणी गोदावरीला जाते आणि तिकडचे कृष्णेला. इकडे हाली चाले आणि तिकडे कलदार. या उतारावरून भेदरलेली माणसे जीव मुठीत धरून गेली, आणि पुढे याच मुलखात दुसरी भेदरलेली माणसे मारली गेली. सारे सांगावे, कोणाची बाजू घेऊन सांगू नये, न्यायाची बाजू घेऊन सांगावे. मुलाने विचारले, की आपण त्यातले कोण, तर त्याला समजावावे, की हे तुला तुझ्या कृतीने ठरवायचे आहे. उद्या गावात अफवा उठेल, जमाव जमेल, कोणाचे तरी दार ठोठावले जाईल, तेव्हा तू कोणत्या हद्दीची राखण करशील, यावर तुझे उत्तर अवलंबून आहे.

अल्लाह आपल्याला त्याच्या भूमीवर नम्रतेने चालण्याची, आपल्या लोकांविरुद्धसुद्धा सत्य बोलण्याची आणि त्याने आखलेल्या मर्यादा जपण्याची सद्बुद्धी देवो. आणि ज्या दिवशी ही जमीन बोलेल, त्या दिवशी तिची साक्ष आपल्या विरोधात जाऊ न देवो. आमीन.